खाली बसवलेल्या जुन्या पिकअपसाठी रिम आणि टायर कसे निवडावेत

जुनी पिकअप खाली बसवायची ठरली की पहिली खरेदी बहुतेक वेळा रिमची होते. फोटो आवडला, पाच नटांची आहे, भाव पटला, घेतली. मग त्या रिमला टायर शोधायचा आणि त्या टायरसाठी मडगार्ड कापायचं. हा क्रम उलटा आहे. आधी गाडी किती खाली येणार ते ठरवा. मग पाटे (लीफ स्प्रिंग) पूर्ण दबल्यावर चाकाला किती जागा उरते ती मोजा. त्या जागेत मावेल आणि वजन पेलेल असा टायर निवडा, आणि रिम शेवटी घ्या. या क्रमाने गेलात तर मडगार्ड कापायची वेळ सहसा येत नाही.

पुढची पद्धत टाटामोबाईल २०६ सारख्या (१९८८ सालची गाडी, पुढे सिएरा, इस्टेट आणि सुमो तिच्याच पायावर आल्या) किंवा महिंद्राच्या जीप-तोंडाच्या पिकअपला लागू पडते. कुणाकडे जुनी शेव्हरोले किंवा फोर्ड असेल तरी मोजायची रीत हीच.

काय लागेल

जॅक, दोन मजबूत घोड्या (गाडी टेकवायचे स्टँड), मेजर टेप, एक फूट स्टीलची पट्टी, व्हर्नियर, ओळंबा, सुतळी, जाड पुठ्ठा आणि खडू. जमीन सपाट हवी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालायचा नाही, चॅसीखाली घोड्या लागल्यावरच काम सुरू करायचं.

पायरी १ : किती खाली आणायची

शो-फील्डवरची गाडी आणि सोलापुरात रोज चालणारी गाडी यांचा हिशोब वेगळा. इंडियन रोड काँग्रेसच्या मानकाप्रमाणे स्पीडब्रेकर १० सें.मी. उंच आणि ३.७ मीटर रुंद, म्हणजे चांगला पसरट असायला हवा. गल्लीबोळात आणि गावांच्या वेशीवर मिळतात ते अरुंद आणि टोकदार. त्यावर पुढचं चाक उतरताना पाटे दबतात आणि गाडीचं पोट आणखी खाली येतं. म्हणून सगळ्यात खालचा कडक भाग, म्हणजे क्रॉस मेंबर, सायलेन्सर किंवा डिफ्रेन्शियलचं पोट, जमिनीपासून किमान १५० मि.मी. ठेवा. गळित हंगामात उसाच्या ट्रॉल्यांमागून खेड्यातल्या रस्त्याने जायचं असेल तर १७० धरा. खचलेल्या साइडपट्टीवर उतरावं लागतं तेव्हा हे २० मि.मी. कामी येतात.

मागे पाटे एक्सलच्या वर असतील तर एक्सल पाट्यांच्या वर घेतात. यात गाडी साधारण एक्सल ट्यूबचा व्यास अधिक पाट्यांची जाडी एवढी खाली येते. ट्यूब ७५ आणि पाटे ५० असतील तर सव्वाशे मि.मी. एवढी उतरली की एक्सल आणि चॅसी यांच्यात दबायला जागाच उरत नाही. मग चॅसीला खालून कमानीसारखा काप घेऊन आतून-बाहेरून जाड पट्टी वेल्ड करावी लागते. ते वेल्डिंग चॅसीचं काम नेहमी करणाऱ्या माणसाकडेच द्या. पाटे मुळातच एक्सलच्या खाली असतील तर मध्ये ब्लॉक टाकून काम भागतं. दोन्ही प्रकारांत प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. डिफ्रेन्शियलचं तोंड त्याप्रमाणे फिरवून घेतलं नाही तर ६०-७० च्या वेगाला गाडी थरथरते आणि दोष टायरच्या बॅलन्सिंगवर ढकलला जातो.

टायरनेही गाडी खाली येते: टायरचा व्यास १० मि.मी. कमी झाला की गाडी ५ मि.मी. उतरते. पाट्यांचं काम करण्याआधी हाही आकडा हिशोबात धरा.

पायरी २ : टायर फुटून बसला तर काय घासेल

ही तपासणी लोक गाळतात, आणि खाली बसवलेल्या गाडीत सगळ्यात महत्त्वाची हीच. टायर फुटला की गाडी रिमवर येते. त्या क्षणी रिमच्या पातळीखाली जे काही लटकत असेल ते आधी रस्त्याला लागतं. तो यू-बोल्ट किंवा टायरॉड (स्टिअरिंगचा दांडा) असेल तर स्टिअरिंग हातातून जाऊ शकतं.

तपासायचं असं. सुतळीचं एक टोक डाव्या रिमच्या अगदी खालच्या कडेला चिकटवा आणि दुसरं उजव्या टायरच्या जमिनीला टेकलेल्या जागी. मग उलट बाजूनेही तसंच. शेवटी रिमच्या खालच्या कडेपासून दुसऱ्या रिमच्या खालच्या कडेपर्यंत सरळ. या तिन्ही रेषांच्या खाली एकही नट, ब्लॉक, पाट्याची प्लेट किंवा शॉकअपचं ब्रॅकेट येता कामा नये. पुढच्या आणि मागच्या, दोन्ही एक्सलला हे करायचं. मागे यू-बोल्टचे लांब राहिलेले दात हमखास खाली डोकावतात. नटाच्या बाहेर दोन-तीन आटे ठेवून उरलेलं कापून टाका.

रिमचा व्यास मोठा आणि टायरची भिंत छोटी असेल तर ही रेषा खाली जाते, म्हणजे जास्त जागा मिळते. पण भिंत फार छोटी केली तर खड्ड्यात रिम वाकते. दोन्हीचा मेळ पुढे येतोच.

पायरी ३ : पूर्ण दबलेल्या अवस्थेत मोजणं

गाडी उभी असताना मडगार्ड आणि टायर यांच्यात तीन बोटं जातात, हे मोजमाप नव्हे. मागचे पाटे सोडवून फक्त मुख्य पाटा जागेवर ठेवा, शॉकअपचं एक टोक काढा, चॅसी घोड्यांवर टेकवा आणि एक्सल जॅकने रबर स्टॉपर अर्धा दबेपर्यंत वर घ्या. पुढे कॉइल असेल तर ती काढून आर्म तसाच उचला. टॉर्शन बार असेल तर तो सैल करून. चाक काढलेलं असावं.

आता तीन मापं घ्या. एक, हबच्या मध्यापासून वर मडगार्डच्या आतल्या पत्र्यापर्यंत. दोन, हबचा जो सपाट तोंडाचा भाग रिमला टेकतो तिथपासून आत, पाटा, चॅसी, शॉकअप, ब्रेक पाइप यांतलं जे सगळ्यात जवळ असेल तिथपर्यंत. तीन, त्याच तोंडापासून बाहेर मडगार्डच्या वळवलेल्या कडेपर्यंत. यासाठी कडेवरून ओळंबा सोडा.

दोन्ही बाजूंची मापं घ्या. जुन्या गाडीची बॉडी चॅसीवर सरळ बसलेली असेल असं धरू नका, डाव्या-उजव्यात ८-१० मि.मी. फरक सहज निघतो. पाट्यांचे बुश झिजले असतील तर ते आधी बदला. झिजलेल्या बुशांमुळे एक्सल वळणावर आडवा सरकतो, आणि टायर फक्त त्याच वळणावर घासतो. गॅरेजमध्ये तो दोष दिसतच नाही. एक बाजू पूर्ण वर आणि दुसरी लोंबती ठेवूनही एकदा मोजा. एक्सल तिरका झाला की टायरचा माथा आत झुकतो.

पायरी ४ : टायरचा नंबर

२१५/६५ आर १६ म्हणजे रुंदी २१५ मि.मी., भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, आणि रिम १६ इंच. व्यास = २ × २१५ × ०.६५ + १६ × २५.४, म्हणजे सुमारे ६८६ मि.मी.

जुन्या नायलॉन टायरवर ७.००-१५ किंवा ६.००-१६ असं लिहिलेलं असतं. त्यात भिंतीचा आकडाच नसतो. तो टायर भिंतीला टेकवून उभा करा आणि प्रत्यक्ष मोजा.

एक उदाहरण धरू. जुना टायर ७३४ मि.मी. भरला. मागच्या हबच्या मध्यापासून वरच्या पत्र्यापर्यंत, पूर्ण दबलेल्या स्थितीत, ३७५ मि.मी. मिळाले. वर २० मि.मी. मोकळे सोडायचे. चिखल, खडी आणि टायरचं फुगणं यासाठी ते लागतात. उरले ३५५, म्हणजे टायरचा व्यास जास्तीत जास्त ७१०.

सोलापुरातल्या दुकानात सहज मिळणारे नंबर या हिशोबात टाकून पाहू. २३५/७५ आर १५ म्हणजे ७३४, बाद. २३५/६५ आर १७ म्हणजे ७३७, तोही बाद. २१५/७५ आर १५ (बोलेरोचा नंबर) म्हणजे ७०४, चालेल. २२५/६० आर १७ म्हणजे ७०२, चालेल. २१५/६५ आर १६ (डस्टरचा नंबर) म्हणजे ६८६, आरामात चालेल. २०५/६५ आर १५ (जुन्या इनोव्हाचा) म्हणजे ६४८. मावतो, पण पिकअपला फार लहान, आणि वजनातही कमी पडतो.

भिंतीची उंची १२५ मि.मी. च्या खाली नेऊ नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. २१५/६५ ला ती १४० येते, २२५/६० ला १३५. २२५/४५ ला फक्त १०१. तेवढ्या भिंतीवर, उन्हाळ्यात हवा थोडी कमी असताना, एका खड्ड्यात टायरची भिंत रिमच्या कडेत चिमटते आणि दुसऱ्या दिवशी तिथे फोड येतो. आतले धागे तुटलेले असतात, असा टायर दुरुस्त होत नाही.

व्यास बदलला की स्पीडोमीटर खोटं बोलतो. खरा वेग = दिसणारा वेग × नवा व्यास ÷ जुना व्यास. आपल्या उदाहरणात ७३४ च्या जागी २१५/६५ आर १६ घातला तर काट्यावर ८० दिसताना गाडी खरी ७५ च्या आसपास असते. त्याच वेगाला इंजिन सात टक्के जास्त फिरतं. चढाला आणि सुटताना गाडी हलकी वाटेल, पण पुण्याच्या हायवेवर जुनं डिझेल इंजिन जास्त ओरडेल.

पायरी ५ : रुंदी आणि ईटी

ईटी म्हणजे रिमचं हबला टेकणारं तोंड रिमच्या मध्यरेषेपासून किती बाजूला आहे ते. अधिक ईटी म्हणजे चाक आत जातं, उणे ईटी म्हणजे बाहेर येतं. दोन सूत्रं लक्षात ठेवा:

हबच्या तोंडापासून आत लागणारी जागा = टायरची खरी रुंदी ÷ २ + ईटी
बाहेर लागणारी जागा = टायरची खरी रुंदी ÷ २ − ईटी

खरी रुंदी रिमवर अवलंबून असते. २१५/६५ आर १६ ला ६ ते ७.५ 'जे' (म्हणजे तेवढे इंच) रुंदीची रिम चालते; ६.५ जे वर तो २२१ मि.मी. भरतो. रिम अर्धा इंच रुंद झाली की टायर ५ मि.मी. फुगतो.

उदाहरणातल्या गाडीला मागे आत १५० आणि बाहेर १२५ मि.मी. मिळाले. आत १५, बाहेर १२ मोकळे सोडले तर वापरायला १३५ आणि ११३. दोन्हींच्या वजाबाकीचा अर्धा, म्हणजे +११, हा मधोमध बसणारा ईटी. २२१ च्या निम्मे ११०.५. म्हणून ईटी −२ पासून +२४ पर्यंत काहीही चालेल. एवढी सवड असली की बाजारात रिम मिळते. गणितात २ मि.मी. चीच सवड राहत असेल तर टायर एक नंबर अरुंद घ्या.

कुणी ईटीऐवजी बॅकस्पेस (हबच्या तोंडापासून रिमच्या आतल्या कडेपर्यंतचं अंतर) सांगितला तर: रिमची पूर्ण रुंदी लिहिलेल्या रुंदीपेक्षा साधारण एक इंच जास्त असते. तिच्या निम्म्यात ईटी मिळवला की बॅकस्पेस. ६.५ जे आणि ईटी +११ म्हणजे सुमारे १०६ मि.मी.

पुढच्या चाकाला आतून २० मि.मी. सोडा आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांना पूर्ण फिरवून, आर्म दबलेला असताना तपासा. पुढचा ईटी मूळ रिमपेक्षा १०-१५ मि.मी. च्या वर बदलू नका. चाक फार बाहेर गेलं की प्रत्येक खड्डा स्टिअरिंगमध्ये जाणवतो, ब्रेक मारताना गाडी एका बाजूला ओढते आणि बेअरिंग लवकर जातं.

पायरी ६ : वजन

टायरच्या नंबरनंतर ९८ टी असं काहीतरी लिहिलेलं असतं. अक्षर वेगाचं, आकडा वजनाचा. ९४ म्हणजे ६७० किलो, ९८ म्हणजे ७५०, ९९ म्हणजे ७७५, १०० म्हणजे ८००, १०४ म्हणजे ९००. हे एका टायरचं वजन.

गाडी वजनकाट्यावर न्या. मार्केट यार्ड आणि एमआयडीसीच्या बाजूला काटे आहेत. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून वजन घ्या, मग फक्त मागची, मग पूर्ण गाडी. जास्तीत जास्त जेवढा माल टाकणार तेवढा टाकून मागचं वजन पुन्हा घ्या. समजा १३०० किलो आलं, म्हणजे एका टायरवर ६५०. कारचा टायर मालवाहू गाडीला घालताना त्याची क्षमता १.१ ने भागायची, असा अमेरिकन नियम आहे. तो इथेही पाळावा, कारण मालाचं वजन कधीच दोन्ही बाजूंना सारखं नसतं. ७५० ÷ १.१ = ६८२. म्हणजे ९८ चा टायर पुरतो, पण काठावर. नेहमीच माल वाहायचा असेल तर १०० किंवा त्यावरचा घ्या, नाहीतर नंबरानंतर सी लिहिलेला ८ पीआरचा (प्लाय रेटिंग, म्हणजे टायरच्या थरांची ताकद) व्यावसायिक टायर. त्याची भिंत कडक असते, रिकाम्या गाडीत दणके बसतात.

खाली आणलेल्या गाडीत पाटे दबायला जागा कमी असते, हेही विसरू नका. आरसीवर लिहिलेली क्षमता कागदावर तीच राहते, पण तेवढा माल टाकला की एक्सल स्टॉपरवर आपटत राहतो.

पायरी ७ : आता रिम

पीसीडी, म्हणजे सगळ्या स्टडच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाचा व्यास, मोजा. पाच स्टड असतील तर एका स्टडच्या मध्यापासून शेजारचा सोडून त्यापुढच्या स्टडच्या मध्यापर्यंतचं अंतर गुणिले १.०५१५. व्हर्नियरवर १३२.९ आलं तर पीसीडी १३९.७. ११४.३ ची रिम तिथे बसत नाही, आणि 'थोडं भोक वाढवून देतो' म्हणणाऱ्याकडून रिम घेऊ नका. अमेरिकन गाड्यांत गोंधळ जास्त आहे. अर्ध्या टनाच्या टू-व्हील ड्राइव्ह शेव्हरोले सी-१० ला १९७० पर्यंत सहा स्टड १३९.७ वर, १९७१ पासून पाच स्टड १२७ वर. फोर्ड एफ-१०० ला पाच स्टड १३९.७ वर.

जिप्सी आणि जिम्नीची रिमही पाच स्टड १३९.७ ची असते. पण ती हलक्या गाडीसाठी बनलेली. रिमच्या आतल्या बाजूला 'मॅक्स लोड' आणि किलोचा आकडा ओतलेला असतो. तो तुमच्या चाकावरच्या वजनापेक्षा कमी असेल तर रिम परत करा. जेडब्ल्यूएल ही खूण प्रवासी गाडीच्या अलॉयवर असते, जेडब्ल्यूएल-टी हलक्या ट्रकच्या. काहीच खूण नसलेली स्वस्त अलॉय पिकअपला लावू नये.

जुनी लोखंडी डिस्क (म्हणजे लोखंडी रिम) कापून, पट्टी जोडून रुंद करून देणारे मिळतात. दिसायला छान होते. पण वेल्डला बारीक छिद्रं राहिली तर ट्यूबलेसमध्ये हवा टिकत नाही, आणि वेल्ड तडकला तर चाक तुटतं. करायचीच असेल तर हबवर लावून डायल गेजने फिरवून पाहा. बाजूचा किंवा वर-खालीचा हेलकावा एक मि.मी. च्या आत हवा. शिवाय ट्यूबलेस टायरला रिमच्या आत उंचवटा लागतो. जुन्या ट्यूबच्या डिस्कला तो नसतो, तिथे ट्यूबच वापरा.

मधलं भोक हबवर बरोबर बसायला हवं. मोठं असेल तर अ‍ॅल्युमिनियमची हब रिंग घ्या. प्लास्टिकची रिंग सोलापूरच्या मे महिन्यात, वर ड्रमची उष्णता लागून, मऊ पडते. लोखंडी डिस्कचे नट अलॉयला तसेच वापरू नका, बैठक जुळली पाहिजे. नटाने स्टडवर निदान स्टडच्या जाडीएवढं अंतर धरायला हवं. १२ मि.मी. चा, १.५ आट्याचा स्टड असेल तर पूर्ण आठ फेरे. कमी बसत असतील तर लांब स्टड टाका. नुसते सरकवलेले जाड स्पेसर टाळाच.

टायर विकत घेताना तारीख बघा. भिंतीवरच्या चार आकड्यांपैकी पहिले दोन आठवडा, पुढचे दोन साल. २३२४ म्हणजे २०२४ चा तेविसावा आठवडा. आयएसआय मार्क हवाच. एका एक्सलवर एक नायलॉन आणि एक रेडियल कधीही नको.

पायरी ८ : बसवल्यानंतर

नट क्रॉसमध्ये, दोन टप्प्यांत आवळा. १२ मि.मी. च्या स्टडला साधारण १०० न्यूटन-मीटर. गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच प्रमाण. ५० ते १०० कि.मी. नंतर टॉर्क पान्याने पुन्हा तपासा. पाट्यांचे यू-बोल्ट ५०० कि.मी. ला.

व्हील अलाइनमेंट टायर घातल्यावर करायची, आधी नाही. गाडी खाली आली की पुढची चाकं वरून आत झुकतात आणि टो (चाकांची तोंडं किती आत किंवा बाहेर वळली आहेत ते) बदलतो. अलाइनमेंट टाळली तर आतली कड दोन-तीन हजार कि.मी. तच उडते, आणि बाहेरून टायर नवाच दिसतो.

हवा पहाटे, गाडी थंड असताना भरा. सुरुवातीला पुढे ३२, मागे रिकाम्या गाडीला ३० आणि मालासह ३६, मात्र भिंतीवर लिहिलेल्या कमाल आकड्याच्या पुढे नाही. तापमान साडेपाच अंशांनी वाढलं की साधारण एक पीएसआय वाढतो. दुपारी चाळीसच्या पुढे पारा असताना ३८-३९ दिसलं म्हणून हवा सोडू नका. रात्री तीच कमी पडते. नेमका आकडा खडूने शोधा: टायरवर आडवी जाड रेघ ओढा, सपाट रस्त्यावर सरळ थोडं अंतर चालवा. मधलीच रेघ पुसली तर हवा जास्त, कडाच पुसल्या तर कमी.

पहिल्या आठवड्यात मडगार्डच्या आतल्या पत्र्याला खडू फासून ठेवा. कुठे घासतंय ते पत्रा चमकण्याआधी कळेल.

कागदपत्रं

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार, आरसीवरचा तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी जुळणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. चॅसी कापणं हा साधा बदल नव्हे. काम सुरू करण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे लेखी विचारा. एमएच-१३ पासिंगची मालवाहू गाडी फिटनेसला उभी राहील तेव्हा टायर मडगार्डबाहेर आलेला नको आणि नक्षी १.६ मि.मी. पेक्षा कमी नको.

स्टेपनी आणि जॅक

मागे मोठा आणि पुढे छोटा टायर देखणा दिसतो, पण मग स्टेपनी कोणत्या नंबरची ठेवायची हा प्रश्न उरतो. पहिल्यांदा करणाऱ्याने चारही आणि स्टेपनी एकाच नंबरची ठेवावी, पुढच्या ड्रमवर आणि कॅलिपरवरही बसते ना ते घरीच लावून पाहावं.

जॅकचंही तसंच. मागच्या टायरची हवा पूर्ण सोडा आणि गाडीतला जॅक एक्सलखाली जातो का बघा. मूळ बॉटल जॅक बहुतेक वेळा जात नाही. बुटका जॅक घ्या, आणि सोबत एक इंच जाडीची फळी ठेवा: जॅक तरीही शिरला नाही तर बसलेलं चाक पुढे-मागे करून फळीवर चढवायचं, मग जॅक लावायचा.